लासूरच्या बांगड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लासूर स्टेशनला मी भाच्यांना देवीच्या दर्शनाला नेलं होतं, असंच सगळे समजतात. खरं म्हणजे त्यांना तिथल्या वसतिगृहात सोडून एकट्यानं परतायचं, असं ठरवून मी निघालो होतो.

बहीण आणि मेहुणे एकाच अपघातात गेले, तेव्हा अनू नऊ वर्षांची होती, जुई पाच. मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा, बिनलग्नाचा, शहरात गुलमंडीमागं एका खोलीत राहणारा माणूस. वेण्या घालायला शिकलो, डबे करायला शिकलो. मामाच्या वेण्या सुटत नाहीत, डोकं तेवढं दुखतं, असं अनू शाळेत सांगायची. पण नातेवाईक यायचे आणि चहा पिता पिता म्हणायचे, एकटा बाप्या, दोन पोरी, उद्या मोठ्या झाल्या की काय करशील? त्यांच्या भीतीलाच मी हळूहळू शहाणपण समजू लागलो.

देवळात हात जोडून एवढंच म्हणालो, ह्यांना आई दे, माझ्याच्यानं होत नाही. बाहेर आलो. पोरींना रिकाम्या हातांनी कसं सोडायचं, म्हणून लेक सासरी धाडताना भरतात तशा दोघींना बांगड्या भरायला बसवलं. बांगडीवाली म्हातारी मुसलमान होती. जुई हात आखडून घ्यायची, म्हणून मागं बसून मी तिचं मनगट धरलं आणि तिच्या कानाशी वरातीची धून गुणगुणत राहिलो. हात सैल पडला.

बांगड्या भरून झाल्या की नमस्कार करायचा असतो. जुई म्हातारीपुढं वाकली, तशी ती म्हणाली, "मेरे को बाद में, बेटा. आधी घरच्या मोठ्यांच्या पाया पड."

अनू म्हणाली, "ह्यो मामा हाय. मामाच्या पाया पडत नसतेत. पाप लागतं."

खरंच आहे, आमच्यात भाची मामाच्या पाया पडत नाही. म्हातारीनं जुईच्या मनगटावर अजून तसाच असलेल्या माझ्या हाताकडं पाहिलं.

"मामाच्या नको पडू मग. आईच्या पड."

दोघी हसल्या, आणि हसत हसतच माझ्या पायांवर वाकल्या.

वसतिगृहाचा अर्ज खिशातच राहिला. दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं परत आलो. देवी बोलली की म्हातारी, ते मी विचारत बसलो नाही. मी आई मागितली आणि तिनं मलाच कामाला लावलं. तेव्हापासून उद्याची काळजी तिच्यावर सोडली आहे.

अनू आता कॉलेजात आहे, जुई दहावीला. तो दिवस दोघी फार आनंदानं आठवतात. मी त्यांना सोडायला निघालो होतो, हे सांगून त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.