निळी चौकट

बटणाला कुणी जीव लावतं का? धम्मप्रियानं लावला होता. सात रस्त्याजवळच्या एका छोट्या ऑफिसात ती वेबसाइटी बनवायची. माउसचा बाण वर आला की बटण गडद व्हावं, दाबलं की जरा खाली बसावं, दाबून उपयोग नसेल तेव्हा फिकट पडून गप बसावं, हे सगळं ती सीएसएस नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहायची. लोकांना त्याचं काय कौतुक असणार म्हणा.

तिचे वडील त्रिंबक एसटीत तीस वर्षं कंडक्टर. वाचनाचं भयंकर वेड. आता हात थरथरायचे. माउस धरला की बाण कुठल्या कुठं पळायचा. मग लेकीनं त्यांना कीबोर्डवरचं टॅबचं बटण शिकवलं. एकदा दाबलं की एक जागा पुढं, आणि आपण जिथं आहोत तिथं निळी चौकट उमटते. तिथं एंटर मारला की काम झालं. म्हातारा हरखला. "आता कुणाला म्हनायला नको, मला पुस्तक मागवून दे म्हनून," असं तो शंभरदा बोलला असेल.

त्याच सुमारास ऑफिसकडं एका वाचनालयाची वेबसाइट आली. सगळा कारभार युवराजच्या हातात. धम्मप्रियाला पाच वर्षांपूर्वी काम शिकवलं ते त्यानंच, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. चौकट कशासाठी हवी ते कळावं म्हणून तिनं त्याला घरी जेवायला नेलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चापून युवराज म्हणाला, "काका, ही चौकट कुठं जात नाही. माझा शब्द."

ऑफिसात एक रीत होती. सगळ्यांचं काम वेबसाइटवर एकाच नावानं चढायचं, धम्मप्रियाच्या. पासवर्ड सगळ्यांना पाठ. "घरातल्या घरात कुलपं कशाला?" युवराजच म्हणायचा.

वेबसाइटच्या उद्घाटनाला पहिला वाचक म्हणून त्रिंबकला बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून तो खुर्चीत बसला. पंधरा दिवस सराव केला होता. त्यानं टॅब दाबला. काहीच दिसेना. पुन्हा दाबला. मग आठवणीनं मोजत मोजत गेला आणि एंटर मारला. पडद्यावर आलं, 'मागणी रद्द'. मागं दोघंतिघं हसले. वाचनालयाचे अध्यक्ष वीरभद्रप्पा म्हणाले, "राहू द्या, मुलगी करून देईल." नेमकं तेच त्याला नको होतं.

धम्मप्रियानं तिथंच वेबसाइटची फाइल उघडली. चौकट पुसणारी एक ओळ आदल्या दिवशी साडेचारला कुणीतरी घातली होती. पुढं नाव तिचं. साडेचारला ती वडिलांना घेऊन दवाखान्यात होती.

"मीच बोललो होतो, ती चौकट डोळ्याला खुपते," वीरभद्रप्पा म्हणाले. "युवराज म्हणाले, लगेच काढतो."

त्रिंबकनं चष्मा सावरून पडद्यावर वाचलं. "तुजंच नाव हाय की हितं."

तिनं युवराजकडं पाहिलं. एक वाक्य बोलला असता तर बास होतं. तो मोबाइल चाळत राहिला आणि शेवटी अध्यक्षांना म्हणाला, "काढताना होतात हिच्याकडून चुका. नवीन आहे अजून."

पाच वर्षांची नवीन! हाताला धरून शिकवलं त्यानंच केसानं गळा कापला. तिनं ती ओळ काढली, चौकट परत आणली. पण त्रिंबक पुन्हा खुर्चीत बसायला तयार होईना.

रिक्षात बराच वेळ तो आपल्या बोटांकडं बघत होता.

"मला वाटलं, माजीच बोटं चुकली."

"बाबा, मी नाही काढली."

"ठाऊक हाय मला. पर आपल्या ताटात जेवून गेलता गं त्यो."

दुसऱ्या दिवशी दहाला युवराजनं हाक मारली. "धम्मप्रिया, लॉगिन होईना. पासवर्ड बदललास का?"

"हो," ती म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून पुढं 'दादा' आलं नाही.