पाठीमागचा हात

१२ फेब्रुवारी. रिमोटचा सेल बदलला, कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली, लेन्स पुसली. उद्या सकाळी अण्णांचा फोटो काढायचा आहे. अण्णा आज दुपारी गेले. त्यांचा मुलगा बंगळूरहून निघालाय, पहाटे पोचेल, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. बॅटरी भरायला वेळ आहे, तोवर हे लिहून ठेवते.

अण्णा म्हटलं की पहिल्यांदा दिसतो तो पाठीमागे नेलेला उजवा हात. मान जरा खाली, पाठ भिंतीला लागलेली, आणि तोंडात एकच वाक्य : "मी हितं न्हाई असं समजा की."

हे वाक्य कुठे म्हणायचे ते सांगायला हवं. सोलापुरात लिंगायत घरांमध्ये माणूस गेलं की त्याला बसवतात. अंघोळ घालून, विभूती लावून, हार घालून. उचलण्याआधी घरातले सगळे त्याच्याभोवती बसतात आणि एक फोटो काढतात. तुम्हीही कुणाच्या तरी घरी भिंतीवर असा फोटो पाहिला असेल. त्यात मधलं माणूसच सगळ्यांत शांत दिसतं. अण्णा हे फोटो काढायचे. लग्नं, बारशी, पासपोर्ट हेही करायचे, पण ते कोणीही करतं. या कामाला लोक अण्णांनाच बोलवायचे.

मी त्यांच्या स्टुडिओत लागले ती पासपोर्टचे फोटो कापायला. पुढे कॉम्प्युटर शिकले आणि मग सामान घेऊन त्यांच्याबरोबर बाहेरही जाऊ लागले.

तेव्हा अण्णा सगळ्यांसारखेच कॅमेऱ्यामागे उभे राहून फोटो काढायचे. एका घरी, गेलेल्या माणसाची बहीण एकदम ओरडली, "हितं माजा भाऊ गेलाय आन तू एक डोळा मिटून काय बघतोस रं? नेम धरतोस व्हय?"

अण्णांनी तो फोटो उरकला. परत येताना रिक्षात म्हणाले, "खरं हाय की अक्का. आपण दिसतोच तसं." ते सगळ्या बायकांना अक्काच म्हणायचे, वयाचा संबंध नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी वायरलेस रिमोट मागवला. काडेपेटीएवढा. एक तुकडा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो, बटणाचा तुकडा आपल्या हातात. मग अण्णांची पद्धत ठरून गेली. कॅमेरा स्टँडवर लावायचा, फोकस करून ठेवायचा आणि आपण बाजूला भिंतीशी जाऊन उभं राहायचं, घरातल्यांपैकीच एक असल्यासारखं. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं त्यांनी लावून घेतलं होतं. कशाला, म्हणून मी विचारलं.

"हात जोडायला येळ नको? फोटो निघताना आपण बी नमस्कारात असावं."

पाठीमागे बटण दाबायचे, दोन्ही हात पुढे आणून जोडायचे, आणि मग खट्. फोटो एकच. दुसरा कधी काढला नाही. "जित्या मानसाला परत बसवता येतं. ह्येंना सारखं सारखं काय त्रास द्यायचा?"

रिमोट नवा असताना एका घरी गंमत झाली. गंमत म्हणू नये, पण झाली. कॅमेऱ्यामागे कोणी नाही आणि खट् वाजलं. गेलेल्या म्हाताऱ्याची बायको शेजारीच बसली होती. तिने इकडे तिकडे बघितलं.

"कुनी काढला?"

म्हातारी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ह्येंनीच काढला आसंल. कुनासाटी थांबायचं म्हाईतच न्हवतं ह्येंना."

सगळी खोली हसली आणि लगेच सगळी खोली रडली. त्यानंतर अण्णा आधीच रिमोट वर धरून दाखवायचे. "ह्ये बघा, हितनं मी दाबणार. मग मी हितं न्हाई असं समजा."

एका घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई मध्ये बसवलेली, मोठा तिला लागून, धाकटा पार दाराशी. अण्णा कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "धाकटे, आत सरका की. फ्रेममधी बसत न्हाई तुमी." तो सरकला. "आजून." तो आणखी सरकला. शेवटी खांद्याला खांदा लागला, तेव्हा बटण दाबलं. दुकानात येऊन मी फोटो मोठा करून बघितला. दाराच्या बाजूला एक कॉट मावेल एवढी जागा मोकळी होती.

"अण्णा, जागा होती की."

"तुला दिसली. त्येंला कुठं दिसली?"

एवढं वाचून ते देवमाणूस होते असं समजू नका. लई चिडके होते. कोणी मोबाईल काढला की भर मयतात खेकसायचे, "ठेव खिशात! मी काय भजी खायला आलोय?" घरी आल्यावर अंघोळ करायचे आणि भाकरी व शेंगाचटणी समोर नसली तर वहिनींवर ओरडायचे. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या मला म्हणायच्या, "लोकांच्या घरी मुका असतो बघ, सगळं साठवून हितं आणतो."

त्या वहिनी गेल्या तेव्हाची गोष्ट.

दुसरा फोटोग्राफर बोलवू या, असं पाहुणे म्हणाले. अण्णा म्हणाले, "मीच." कॅमेरा स्वतः लावला. वहिनींचा पदर सारखा केला, परत कॅमेऱ्यात बघितलं, परत पदर सारखा केला. मग त्यांच्या शेजारी, फ्रेमच्या कडेच्या बाजूला जाऊन बसले. रिमोट उजव्या मुठीत, मूठ मांडीवर. मुलगा, सून, भाऊबंद, सगळे जागेवर. भजन थांबलं. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

काहीच झालं नाही.

विधी करणारे स्वामी हळूच म्हणाले, "अण्णा, ऊन चढतंय."

"हो," अण्णा म्हणाले. तरी काही नाही. मुलगा म्हणाला, "अप्पा?" ते समोर बघत राहिले.

मला वाटलं सेल गेला. पुढे होऊन बघितलं तर रिमोटचा दिवा लागलेला होता, अंगठाही बटणावर होता. दाबवत नव्हतं, एवढंच. त्यांनी दाबलं की फोटो होणार, फोटो झाला की वहिनींना उचलणार. हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

कॅमेऱ्यावरचं बटण मला दाबता आलं असतं. पण तो फोटो माझा झाला असता, आणि त्यांनी तर "मीच" म्हटलं होतं. मी फ्रेमच्या कडेला खाली बसले, हात लांब करून त्यांच्या मुठीवर ठेवला आणि त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा दाबला. हात काढून घ्यायला दोन सेकंद होते. पुष्कळ होतात. पण अण्णांनी मूठ उलटी केली आणि माझी बोटं धरली. खट् झालं.

फोटो स्वच्छ आला. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, अण्णासुद्धा. फक्त कडेने एक हात आत आलेला, घड्याळ आणि दोन बांगड्यांसकट, आणि तो अण्णांनी घट्ट धरलेला. मी नाही, नुसता माझा हात. दिवसकार्य झाल्यावर ते दुकानात आले, तेव्हा मी फोटो उघडून दाखवला आणि म्हटलं, "हा माझा हात काढून टाकते. कॉम्प्युटरवर पटकन होतं."

त्यांनी पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं.

"तुजा काढलास तर माज्या हातात काय ऱ्हाईल?"

मी माऊस बाजूला ठेवला. फोटो तसाच छापला. त्यांच्या घरात तसाच लावलेला आहे.

त्यानंतर मयताच्या फोटोंना ते गेले नाहीत, मला पाठवायला लागले. दुकानात खुर्ची टाकून बसायचे. मी बॅग उचलली की एवढंच विचारायचे, "दोन सेकंद लावलंस न्हवं?"

बॅटरी भरली. आता झोपते.

१३ फेब्रुवारी. सकाळी लवकर त्यांच्या घरी पोचले. अण्णांना वहिनींच्या फोटोखालीच बसवलं होतं. मी स्टँड लावला, फोकस केला. मुलगा जवळ आला. मी वहिनींना वहिनी म्हणायचे म्हणून तो मला आत्या म्हणतो. माझ्या हातातल्या रिमोटकडे बघून म्हणाला, "आत्या, हा अप्पांच्या जवळ ठेवू या का? त्यांच्याबरोबर जाऊ दे."

"नको," मी म्हटलं. "लागणार आहे."

तो जाऊन बसला. मी सगळ्यांना रिमोट वर करून दाखवला आणि भिंतीशी उभी राहिले. हात मागे नेऊन बटण दाबलं, पुढे आणून जोडले. रिमोट दोन तळहातांच्या मध्ये राहिला. खट् झालं. एकच काढला.

घरी येऊन अंघोळ केली आणि दुकान उघडलं. पासपोर्ट फोटोसाठी एक माणूस पायरीवर थांबला होता. त्याला स्टुलावर बसवलं. पहिल्या फोटोत त्याचे डोळे मिटले. मी त्याला परत बसवलं.