आबांचे टाळ आणि आईची पावलं

अन्याय झाला माझ्या आईवर. गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला, दिवेलागणीला, वरवंडजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर. करणारे दोघं: माझा थोरला भाऊ आणि मी.

आईला साखर निघाली होती. दौंडच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून भावानं तिच्यासाठी पावलं मोजणारा पट्टा आणला आणि मनगटावर बांधला. रोज आठ हजार पावलं व्हायला हवीत, असं ठरलं. त्या संध्याकाळी आई दिवसभर झेंडू तोडून आली होती. दसरा तोंडावर, रान पिवळं झालेलं. भावानं मोबाइल बघितला आणि म्हणाला, "अकराशे." आणि मी, पाण्याच्या पाळीसाठी गावोगाव पत्रकं वाटणारा, अधिकारी बांधावर न येता कागदावर सही करतात म्हणून ओरडणारा, मी आईला म्हणालो, "रानात नुसती बसूनच असती व्हय?"

तिनं वाद घातला नाही. पट्ट्याकडं बघत एवढंच म्हणाली, "तुम्ही खोटं बोलाल. त्या मशीनचं अन् माझं काय वैर हाय?"

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत हायवेपर्यंत चालून यायला लागली. मग स्वयंपाक, मग झेंडू. तीन दिवसांत गुडघे सुजले. ओट्याची पायरी चढताना ती भिंतीला हात लावायची, आणि आम्ही म्हणायचो, सवय नाही ना, होईल.

सहाव्या माळेला भावाचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर फटाके उडाले.

"आई, फत्ते. साडेआठ हजार."

आई चुलीपुढून म्हणाली, "कसले? पट्टा तर म्या पीठ मळताना काढून ठिवला."

आम्ही दाराकडं बघितलं. आबा, म्हणजे आमचे आजोबा, देवळातून भजन करून येत होते. पट्टा त्यांच्या मनगटावर.

"मला वाटलं घड्याळ हाय," आबा म्हणाले. "पर मी जागचा उठलो न्हाई बरं का. टाळ मातुर तासभर लई कुटला."

भाऊ पोट धरून हसला. मला हसू आलं नाही, एकदम अंगात वीज शिरली. पाबळला वायरिंग शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: मीटर भलतंच दाखवायला लागलं तर आधी मीटर तपास, मग तार. तीन दिवस मी तारेलाच दोष देत होतो.

सातव्या माळेला सकाळी मी आईच्या मागं रानात. पट्टा पुन्हा तिच्या मनगटावर. तिनं झेंडूचा क्रेट डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि सरीतून टेम्पोकडं निघाली. मी मागून मोठ्यानं मोजत होतो. दोनशे चौसष्ट पावलं. पट्ट्यात वाढली सतरा. कारण हात हलला नव्हता. हात हलवला असता तर क्रेट पडला असता. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मी बांधावर अक्षरशः नाचत होतो.

"मोजतोस काय मेल्या," आई म्हणाली, "एक क्रेट घे डोक्यावर."

घेतला. पंधराव्या खेपेला माझी मान बोलायला लागली. तिच्या त्या दिवशी छत्तीस झाल्या.

दसऱ्यानंतर तिला दौंडला नेलं. डॉक्टरांनी पट्ट्याकडं बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "मावशी, दिवसभर काय काय करता?" आईनं सांगायला सुरुवात केली, आणि बराच वेळ सांगत राहिली. हा एक प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणी तिला विचारला नव्हता. डॉक्टर म्हणाले, पहाटेचं चालणं बंद करा, गुडघ्यांना आराम द्या, चहातली साखर सोडा. साखर सोडताना तिचं तोंड उतरलं, चालणं सोडताना नाही.

शहरात हात हलवत बागेत फिरणाऱ्याला असला पट्टा उपयोगी पडत असेल, पडू दे. पण क्रेट, भारा, हंडा धरणाऱ्या हातावर तो बांधून वर त्या बाईला आळशी ठरवायचं, हे मी माझ्या घरात होऊ दिलं आणि त्याची लाज अजून जात नाही. आमचा पट्टा आता आबांकडं आहे. ते रोज भजनात पहिले येतात.

तुम्ही आईला, सासूला, बायकोला असला पट्टा आणून दिला असेल तर उद्याच्या उद्या सुट्टी काढा. दिवस उगवल्यापासून तिच्या मागं चाला आणि तोंडानं मोजा. मधेच थांबायचं नाही. आणि त्या आधी तिला एक शब्द बोलला असाल, तर घरी येऊन, सगळ्यांसमोर, तिची माफी मागा.