तुमचं खाली की माझं?

वैजयंती इंगळेला भिशी लागली, तेव्हा भोपाळात बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांमधल्या सगळ्या बायकांनी गृहीत धरलं की आता इंगळ्यांकडे नवा फ्रीज येणार. त्यांच्या जुन्या फ्रीजचं दार स्टूल टेकवल्याशिवाय बंद राहत नव्हतं. पण पैशाचं पाकीट ब्लाउजमध्ये खोचत बाई म्हणाली, "फ्रीज न्हाई. मी कॉम्प्युटर जुळवणार. गेमचा."

"जुळवणार?" शेजारची सरोज म्हणाली. ती नागपूरची. "लग्न आहे का ताई, जुळवायला?"

"त्याच्याहून बरं. न्हाई जमलं तर एकेक सुटा भाग परत देता येतो."

बायका हसल्या, पण वैजयंती हसण्यावारी न्यायला तयार नव्हती. कऱ्हाडकडच्या खेड्यात वाढलेली ही बाई चौदा वर्षांची असल्यापासून वडलांचा ट्रॅक्टर चालवायची. लग्न होऊन भोपाळला आली ती थेट नवऱ्याच्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसली, आणि पन्नाशी उलटली तरी तिथंच होती. मग कधीतरी फोनवर तिला एक ट्रकचा गेम सापडला. माल भरायचा, घाट उतरायचा, ठिकाणावर पोचवायचा. भाकरी भाजून झाली की बाई घाटात. पण फोन तव्यासारखा तापायचा आणि ऐन वळणावर मान टाकायचा. खरा गेम मोठ्या मशिनीवर चालतो आणि ती तयार घ्यायची तर आपल्या ऐपतीतली नव्हे, हे तिला कळलं होतं. सुटे भाग आणून घरी जुळवली तर भिशीत भागतं, हेही हिंदी व्हिडिओ बघून बघून कळलं होतं.

नवरा भालचंद्र कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या शॉपमध्ये. घराणं ग्वाल्हेरच्या मराठ्यांचं, पण जन्म भोपाळचा. त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. तो म्हणाला, "दिमाग खराब झालाय का वैजू? मी तीस वर्षं मशिनीत काढली, मी नाही हात लावत, आणि तू?"

"तुम्ही तीस वर्षं स्कूटर चालवली. आता मी ट्रक चालवीन."

"हे बघ, पुढची बीसी, तुमची भिशी, आपल्याच घरी आहे ना? त्या दिवशी तुझा ट्रक सगळ्यांसमोर चालला तर डब्बा घरात राहील. नाही चालला तर सगळं सामान दुकानात परत, आणि फ्रीज येईल. बोल, मंजूर?"

"मंजूर." तिनं असं सांगितलं खरं, पण रात्रीची भाजी त्या दिवशी खारट झाली.

भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्याच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर विकायला काढले होते. त्यातला एक उभा डबा तिनं बसमधून मांडीवर आणला. कंडक्टर म्हणाला, "माताजी, इसका भी टिकट लगेगा." ती म्हणाली, "गोद का बच्चा है, आधा लगाओ." घरी आणून उघडला तर आत धुळीची गोधडी. रंगाच्या ब्रशनं तिनं पंखा पात्यापात्यानं झाडला. प्रोसेसरवरचा, त्याला गार ठेवणारा, वाळलेला मलम खरवडला आणि नवा लावला, बाळाच्या टाळूला तेल लावावं तसा, अगदी बेतानं. जवाहर चौकात शकीलभाईच्या सुट्या भागांच्या दुकानात जुनं, चांगल्या हालतीतलं ग्राफिक्स कार्ड निवडताना तिनं एकच अट घातली: त्याला वेगळी वायर लागता कामा नये. डब्यातला वीज पुरवणारा सप्लाय जुना आहे, त्याला जादा भार झेपायचा नाही.

शकीलभाईनं चष्मा वर केला. "भाभीजी, ये आपको किसने बताया?"

"यूट्यूब ने. अब भाव आप बताओ."

एका इतवारी ती फरशीवर मांडी घालून बसली, दोन्ही हात डब्यात. डब्यात आधीपासून एक छोटं जुनं कार्ड होतं, वरच्या खाचेत. त्याच्या खाली तेवढीच लांब दुसरी खाच, मोकळी. नवं कार्ड कुठं लावायचं ते विचारायला तिनं नवऱ्याला शकीलभाईंना फोन लावायला सांगितलं. फोन भालचंद्रच्या कानाला.

"ते म्हणतात, पुराना वाला काढ, आणि नवा खाली स्लॉटमध्ये लाव."

"खालीच ना?"

"हां बाबा, खालीच! किती वेळा सांगू?"

तिनं जुनं कार्ड काढलं आणि नवं खालच्या खाचेत दाबलं. खट्ट. मशीन सुरू झाली, हॉलमधल्या टीव्हीवर चित्र आलं, ट्रकही आला. पण चालेना. दोन चाकं पुढे, मग अडखळला, मग एकदम कडेला. घाटात तर आचके देत होता, जणू डिझेलात पाणी. तिनं मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, गेमची झाडं-सावल्या कमी केल्या, पंखा पुन्हा झाडला. शकीलभाई फोनवर म्हणाले, "कार्ड तो मैंने आपके सामने चलाके दिया था." ते खोटं नव्हतं. भालचंद्र फ्रीजच्या दुकानाचा कागद टीव्हीपुढे ठेवून गेला. त्या कागदाचा तिला जास्त राग आला.

भिशीच्या दिवशी हॉल भरला. बायकांनी पोहे खाल्ले आणि डोळे टीव्हीकडे लावले. वैजयंतीनं कीबोर्ड मांडीवर घेतला, ट्रक काढला. आचका. पुन्हा आचका.

"काय ताई, ड्रायव्हर दुपारीच पिऊन राहिला का काय?" सरोज म्हणाली. सगळ्या खिदळल्या. वैजयंतीही हसली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात चहा ठेवायला आत गेलेल्या भालचंद्रनं ओरडून सांगितलं, "वैजू, सिलेंडर खाली झालं!"

वैजयंतीचा हात कीबोर्डवर थांबला. नवीन लग्न झालं तेव्हा सासरी कुणी 'डबा खाली आहे' म्हटल्यावर ती फळीच्या खालचा डबा शोधायची. सासूसुद्धा हसायची. पुढं कान सरावले. पण त्या इतवारी डोळ्यांसमोर एक खाच वर होती आणि एक खाली, आणि कानानं माहेरचं ऐकलं.

"अहो!" ती उठली. "शकीलभाई खाली म्हणाले, ते तुमचं खाली की माझं?"

"म्हणजे?" तो दारात आला, हातात लायटर.

"रिकामं की खालचं?"

"अरे, पुराना काढून जी जागा खाली झाली, ती! वरचीच की! मी काय वेगळं बोललो?"

"तुम्ही काहीच वेगळं बोलला न्हाई! तोच तर घोळ हाय!"

तिनं मशीन बंद करून वायर काढली, डबा आडवा पाडला. पदर खोचला. बायका पोह्याच्या बशा घेऊन भोवती गोळा झाल्या. सरोजनं फोनची बत्ती धरली. "ताई, फरक काय पडतो पण? दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या."

"दिसायला सारख्या, आतून खालची वाट एकेरी असणार. वरची चौपदरी." कार्ड निघालं, वरच्या खाचेत बसलं. या वेळी खट्ट आवाज सगळ्यांनी ऐकला.

ट्रक सुरू झाला. एकही आचका नाही. झाडं सरसर मागे गेली, पूल आला, पुलाखालचं पाणी चमकलं, आणि वैजयंतीनं घाटाचं पहिलं वळण असं घेतलं की सोफ्यावरच्या बायका आपोआप डावीकडे कलल्या. तिनं झाडं-सावल्या परत पूर्ण केल्या. तरी ट्रक वाहत्या पाण्यासारखा. दुसरं वळण, तिसरं. उतारावर समोरून बस आली तेव्हा एक बाई "अगं बाई!" करून उभीच राहिली. वैजयंतीनं हॉर्न दाबला आणि सुटली. खाली गोदामाच्या फाटकाशी तिनं अख्खा ट्रेलर एका दमात मागे घातला. टाळ्या अशा पडल्या की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून विचारलं, काय झालं.

मग नंबर लागले. सरोज पहिल्याच वळणाला दरीत गेली. "मी नाही उठणार, अजून एकदा!" ती म्हणाली आणि खरंच उठली नाही.

भालचंद्र शेजारून भरलेलं सिलेंडर उचलून आणत होता. दारात थांबला, कीबोर्डभोवतीची गर्दी बघितली. सिलेंडर खाली ठेवून त्यानं टीव्हीपुढचा फ्रीजच्या दुकानाचा कागद उचलला.

"भाऊजी, बाजूला व्हा," सरोज म्हणाली, "घाट आला."

तो बाजूला झाला. कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि हळूच विचारलं, "वैजू, माझा नंबर कधी?"

"सगळ्यांच्या मागून," ती म्हणाली. "आधी चहा करा."