बिनमिठाचा खिमा

वजन परत दोन पौंड वाढलं होतं. मी काटा उगीच हलवून बघितला. काटा ठीक होता. मानाजीराव त्यावर उभे होते आणि त्यांच्या पायांची बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

"आज तो खिमा-भोपळा आहे ना, बाई?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"बस. मग आपल्याला बाकी काही नाही पाहिजे."

माणूस खुशीत होता आणि दिवसेंदिवस फुगत चालला होता. मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

हे मध्य भारत नावाचं राज्य होतं त्या काळातलं आहे. इंदूरच्या एका इस्पितळात मी डाएट इनचार्ज होते. पद मोठं, खोली एवढीशी. पेशंटला काय खायला द्यायचं ते डॉक्टर चार्टवर लिहिणार, आणि ते त्याच्या घशाखाली उतरेल असं करून देणं माझं काम. डॉक्टरांना लिहायला काय जातं, हे मी त्या काळात रोज म्हणत असे.

मानाजीराव संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, हे आपल्या गावी, बेटम्याला, शेतीवर जाऊन बसले. वय चाळिशीच्या आसपास. त्यांच्या किडन्या बिघडल्या होत्या. प्रोटीन लघवीतून वाहून जायचं आणि पाणी अंगात साठायचं. त्या वेळी यावर फारसं औषध नव्हतं. बिनचरबीचं मांस भरपूर द्यायचं आणि मीठ पूर्ण बंद करायचं, एवढंच हातात होतं. मीठ पाण्याला अंगात धरून ठेवतं. म्हणून अशा पेशंटचं रोज सकाळी वजन करायचं. ते वाढलं तर तब्येत सुधारली असं नसतं, पाणी वाढलेलं असतं.

पहिला आठवडा मानाजीरावांनी माझं काही चालू दिलं नाही. उकडलेली कोंबडी बाजूला सारली. "असं तर आम्ही घोड्याला पण नव्हतो देत, बाई," म्हणाले. त्यातच त्यांच्या बायकोच्या, सुभद्राबाईच्या, पदराखाली मला ठेच्याची पुडी सापडली. मी तिला वॉर्डात सगळ्यांसमोर झापलं. ती रडली. "आता नाही आणणार, बाई. यांच्या गळ्याशपथ," म्हणाली.

आमचे डॉक्टर बाहेरच्या देशात शिकून आलेले. ते म्हणाले, "पुराणिकबाई, तिकडे एक भोपळा मिळतो. भाजला की गर शेवयांसारखा सुटतो. त्यात टर्कीचा खिमा भरून बेक करतात. चरबी नावालाही नसते. बघा ना जमलं तर."

टर्की म्हणजे कोंबडीच्या चौपट मोठा पक्षी. इंग्रज साहेब लोकांना नाताळात लागायचा. रेसिडेन्सीच्या बाजूला करीमचाचा म्हणून एक म्हातारे खानसामा होते. साहेब गेले, तरी त्यांनी चार-दोन टर्क्या पाळून ठेवल्या होत्या. मी जाऊन एक ठरवली. आठ दिवस रोज सकाळी ताजा खिमा करून पाठवायचा, असं बोलणं झालं.

भोपळ्याचं सोपं नव्हतं. तिकडचा भोपळा इथे कुठून येणार. पिकलेल्या लाल भोपळ्याचा लगदा व्हायचा. शेवटी देपालपूरच्या बाजूचा अर्धकच्चा भोपळा हाती लागला. मधून चिरायचा, बिया काढायच्या, पालथा घालून पातेल्यात ठेवायचा. खाली निखारे, झाकणावर निखारे. तासाभरानं काट्यानं ओरबाडला की गराचे धागे सुटत. अगदी शेवया नाहीत, पण धागे. मग खिम्यात कांदा, लसूण, टोमॅटो, धणे, मिरे घालून परतायचं, लिंबू पिळायचं, सगळं त्याच भोपळ्याच्या वाटीत भरून परत निखाऱ्यांवर ठेवायचं.

मोठ्या स्वयंपाकघरात आचारी महाराज मांसाचं भांडं येऊ देईनात. म्हणून मागच्या ओसरीत मी वेगळी शेगडी मांडली आणि सगळं स्वतः केलं. मी मांस खात नाही. किचनमधलं कोणीच खात नसे. याची मला अडचण वाटली नाही, उलट थोडी ऐटच होती. आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही अशी शिस्त. मी लहानपणापासून वासावर आणि हाताच्या अंदाजावर शिकले. चाखत चाखत रांधणाऱ्या बाईला मी स्वयंपाक येतो असं म्हणतच नसे.

पहिल्या दिवशी मानाजीरावांनी अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी थोडंसं उरलं. तिसऱ्या दिवशी ताट साफ. मी ते रिकामं ताट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. "बघा," म्हटलं. "आणि मिठाचा कण नाही यात." ते हसले. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटते आता सांगायला.

वजन त्याच सुमारास चढायला लागलं. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"मीठ कुठून तरी जातंय."

"माझ्याकडून नाही."

"नक्की?"

"डॉक्टरसाहेब, मी मिठाचा डबा ओसरीत येऊ देत नाही."

"मग बाहेरून येतंय."

आम्ही दोघांनी खाटेकडे बघितलं. सुभद्राबाई नवऱ्याचे पाय चेपत बसली होती. "मागे पकडलंय मी तिला एकदा," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान हलवली. तिला आत सोडू नये असं चार्टवर त्यांनी लिहिलं, पण शब्द माझा होता.

तिची पिशवी मी स्वतः झाडली. एक लुगडं, कंगवा, कुंकवाची डबी. काही सापडलं नाही. मी म्हटलं, "आता लपवायला शिकलीस." तिनं हात जोडले. "बाई, शपथ घेतली होती ना मी. यांच्या गळ्याची घेतली होती. खोटी कशी घेईन?" मी ऐकलं नाही. तिची व्हिजिट बंद झाली. ती गावी गेली नाही, बाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून बसून राहिली. येता-जाता मला ती दिसायची आणि मला तिचा राग यायचा.

मानाजीरावांनी दुपारीच विचारलं, "ही कुठे आहे?"

पेशंटला त्रास होईल असं काही सांगायचं नाही, असा वॉर्डचा रिवाज. मी म्हटलं, "शेतीचं काम निघालं म्हणून बेटम्याला गेली."

"मला न सांगता?"

"तुम्ही झोपला होता."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. जेवण मात्र सगळं जेवले.

व्हिजिट बंद होऊन दोन दिवस झाले, तरी वजन चढतच राहिलं. इथे माझी अक्कल चालायला हवी होती. बाई आत येत नाही आणि मीठ येतंय. मी शेजारच्या खाटेवरच्यावर संशय घेतला, झाडूवाल्यावर घेतला. लघवी सुटायच्या इंजेक्शनांचा उपयोग होईना. मानाजीरावांना आडवं झोपता येईना, दम लागायचा. उशांना टेकून बसत आणि दाराकडे बघत.

तेवढ्यात टर्की संपत आली. आठव्या दिवशी सकाळीच मी दुसरी ठरवायला करीमचाचांकडे गेले. ते अंगणात सुरी पाजळत होते.

"कीमा पसंद आ रहा है मरीज को?" त्यांनी विचारलं.

"फार. ताट चाटून पुसून खातात."

"अच्छा है. धोने में मेहनत लगती है."

"धोने में? काय धुता?"

"नमक, बाई. पहले दिन तो ताज़ा था. बाकी गोश्त इस गर्मी में आठ दिन कैसे टिकेगा? नमक मलके कुएँ में लटकाता हूँ. रोज़ का टुकड़ा तीन पानी से धोके कूटता हूँ. फिर भी थोड़ा तो रह ही जाता है." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आपने चखा तो होगा."

"मी खात नाही, चाचा."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "तो किसी से चखवा लेतीं," ते हळूच म्हणाले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना पेशंट कोण, आजार काय, काहीच सांगितलं नव्हतं. रोज ताजा खिमा पाहिजे म्हटलं होतं, आणि त्यांनी रोज ताजा कुटून दिला होता. मीठ नको हे मी सगळ्या इस्पितळाला बजावलं. ज्याच्या हातून मांस येत होतं त्यालाच सांगायचं राहिलं.

मी टांगा करून परत आले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चार्टवरची ती ओळ खोडली. मग म्हणाले, "तिला आत पाठवा."

सुभद्राबाई आत आली तोवर मानाजीराव कोणाला ओळखत नव्हते. किडनी पूर्ण थांबली की रक्तात विष चढतं, माणूस गुंगीत जातो. तिनं त्यांच्या कानाशी जाऊन हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते गेले.

डॉक्टर मला म्हणाले, "तसेही ते फार दिवस काढणार नव्हते, पुराणिकबाई." असेल. पण त्यांनी आठ दिवस काढले असते की आठ महिने, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. कागदावर किडनीचा विकार असं लिहिलं गेलं. मिठाचं कुठे आलं नाही.

सुभद्राबाईला मी सांगितलं. व्हरांड्यात, उभ्या उभ्या. मीठ माझ्या हातून गेलं, तू आणलं नव्हतंस, माझी चूक झाली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"मी आत का येत नाही," तिनं विचारलं, "हे यांना काय सांगितलं होतं?"

मी खरं बोलले. "तू बेटम्याला गेलीस, असं."

"ही मला न सांगता गेली, असं समजूनच गेले मग."

तिनं चटई गुंडाळली, पिशवी उचलली. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू द्या, बाई. आमची माणसं आहेत बाहेर."

नोकरी सोडावी असं वाटलं. सोडली नाही, पुढे वीस वर्षं केली. एक नियम मात्र केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. पेशंटसाठी माझ्या किचनमधून जे ताट जाईल, मग त्यात खिमा असो की अंडं, ते मी चाखल्याशिवाय जाणार नाही. महाराजांनी माझ्या हातचं पाणी घेणं बंद केलं. घरी सासूबाईंनी माझं ताट वेगळं मांडलं. ठीक आहे.

चमच्यावर घ्यायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं, चूळ भरायची. अर्धं मिनिट लागतं.