उभ्या ड्रोनचा ठिपका चालायला लागला

मंडळी, आज माझं काम गेलं.

श्रीपूरजवळ उसावर तणनाशक फवारायला ड्रोन घेऊन गेलो होतो. ड्रोन जमिनीवरच उभा, पण स्क्रीनवरचा त्याचा ठिपका शेजारच्या द्राक्षबागेत निघालेला. सौरवादळ आल्याचं सकाळीच वाचलं होतं. त्याने आकाशातला वरचा थर ढवळला की ड्रोनला जागा सांगणारे उपग्रहाचे सिग्नल वाट चुकतात. (ते वाचून सकाळी तासभर, अशा वादळात ध्रुवावर दिसणाऱ्या हिरव्या उजेडाचे व्हिडिओच बघत बसलो, ते सोडा.)

ड्रोनच्या मालकांना म्हणालो, "सूर्यावरनं वादळ आलंय, आज उडवत न्हाय. बागेवर औषध पडलं तर वेली जळतील."

"सूर्याला काय ताप आलाय का? रोजचंच ऊन हाय की. उडव, न्हायतर घरी जा."

रिमोट बांधावर ठेवला आणि चालत स्टँडवर आलो.

नववी नापास आहे मी. तरी उभ्या ड्रोनचा ठिपका चालताना दिसल्यावर बटण दाबणार नाही, उद्याही नाही. तुम्ही दाबलं असतं?