माझ्या चुकांची जाहिरात

अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच. पण हे लिहिल्याशिवाय माझा राग उतरणार नाही.

मुलुंडला एका पाळणाघरात मी मुलं सांभाळते. मुलांच्या आया इंग्रजीत विचारतात, मी नुसती मान हलवते. स्टेशनजवळच्या क्लासबाहेर पाटी होती : ‘तीन महिन्यांत अचूक इंग्रजी, नाही जमलं तर पूर्ण फी परत’. साठवलेले सहा हजार भरले.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला फळ्यापाशी उभं करून मोबाइल रोखला. “ताई, कामाबद्दल बोला. चुकलं तरी चालेल.”

मी म्हटलं, “आय चिल्ड्रन फूड गिव्ह, स्लीप गिव्ह.”

“झोप देता? पुडीत बांधून की सुटी?” सर म्हणाले. सगळे हसले. बरोबर कसं म्हणायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही. ते मला पाळणाघराच्या बाईंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता : “आय पुट देम टू स्लीप.” त्या हसल्या नाहीत.

महिनाभराने शेजारीण मोबाइल घेऊन आली. “अगं, तू तर फेमस झालीस!” क्लासच्या जाहिरातीत माझाच व्हिडिओ, फळ्यापाशी चुकतानाचा. खाली लिहिलेलं, ‘ह्या ताई आता फाडफाड इंग्रजी बोलतात’. फाडफाड! मला न विचारता! दोन दिवस मी नळावर गेले नाही.

तरी तीन महिने एक दिवस चुकवला नाही. इंग्रजी जमलं नाही, मग फी परत मागितली.

“नॉन-रिफंडेबल असते, ताई. अर्थ सांगू का?” सर म्हणाले.

बाहेर पाटी तशीच होती.

रविवारी नवीन बायकांसाठी फुकटचा तास असतो. मी जाऊन पहिल्या खुर्चीवर बसले. मागच्या एकीने ओळखलं. “तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना? आता येतं बोलायला?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. “नाही,” म्हटलं. “इथे चुकीवर हसतात. बरोबर काय ते सांगत नाहीत. फीसुद्धा परत देत नाहीत.”

फी भरायला पैसे काढलेल्या दोघींनी पर्स बंद केल्या. सरांनी मला घाईघाईने आत बोलावलं. “काय हे, ताई! असं सगळ्यांसमोर?”

“मला कुठे उभं केलं होतं?”

मी त्यांना माझ्यासमोरच तो व्हिडिओ डिलीट करायला लावला, फीही परत घेतली. त्यांनी सॉरी म्हटलं नाही, मीही थँक यू म्हटलं नाही. नोटा तिथेच मोजल्या. सहा हजार, पूर्ण.